गोदामात गाडीखाली माणूस सापडला की ‘त्याचंच लक्ष नव्हतं’ म्हणून विषय मिटवू नका

सोयाबीन, कापूस, कांद्याचा हंगाम सुरू झाला की बाजार समितीच्या आवारात, जिनिंगमध्ये आणि गोदामांसमोर ट्रक-ट्रॅक्टरची रांग लागते. तिकडं भिवंडी, चाकण, तळेगावच्या मोठ्या गोदामांत आपल्याच गावची बारावी झालेली पोरं माल भरण्या-उतरवण्याचं काम करत असतात. जागा वेगळ्या, पण दोन्हीकडं अपघात एकाच जातीचे. मागं येणारा ट्रक आणि भिंत यांच्यामधी माणूस चेंगरतो. फोर्कलिफ्टचं चाक पायावरून जातं. थप्पीला गाडी घासते आणि वरची पोती खाली काम करणाऱ्याच्या अंगावर येतात.

अशी बातमी बहुतेक वेळा चार ओळींची असते. गोदामात त्याहून कमी बोललं जातं. मुकादम म्हणतो, “त्याचंच लक्ष नव्हतं.” ड्रायव्हर म्हणतो, “एकदम मधी आला.” जखमीच्या घरचेही मान हलवतात. आपल्याच पोराची चूक, मग कुणाला काय बोलणार?

या एका वाक्यानं दोन नुकसान होतात. अपघाताचं खरं कारण जागच्या जागी राहतं आणि उद्या दुसरा कोणीतरी तिथंच सापडतो. दुसरं म्हणजे घरच्यांना वाटतं की चूक आपली, म्हणून पैसे मागायचा हक्क नाही. हे कायद्यानं साफ चुकीचं आहे. म्हणून हे अपघात होतात कसे, थांबवता येतात कसे आणि झालेच तर हक्क काय, हे सगळं एका जागी देत आहे.

हळू चाललेली गाडीही जीव घेते

“गाडी तर हळूच होती,” असं अशा अपघातानंतर हमखास ऐकू येतं. रस्त्यावर वेगानं माणूस मरतो, गोदामात दाबानं मरतो. रस्त्यावर बाजूला उडी मारायला जागा असते. गोदामात एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला थप्पी, मागं ओटा. भरलेल्या दहाचाकी ट्रकचं वजन पंचवीस टनांच्या पुढं जातं. तो माणसाच्या चालीनं मागं आला आणि मधी छाती सापडली, तर वेगाचा प्रश्नच येत नाही.

साधा हिशेब बघा. ताशी ५ किलोमीटर म्हणजे आपली चालण्याची गती. त्या वेगानं गाडी एका सेकंदात साडेचार फूट येते. ताशी १० किलोमीटरनं सेकंदाला नऊ फूट. ड्रायव्हरनं माणूस बघून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, आणि गाडी थांबायला आणखी अंतर लागतं. ट्रक आणि ओटा यांच्यात पाच-सहा फुटांची जागा असेल, तर ओरडून काही उपयोग होत नाही.

फोर्कलिफ्ट म्हणजे छोटा ट्रॅक्टर नव्हे

गावाकडचा पोरगा ट्रॅक्टर चालवतो म्हणून कॉन्ट्रॅक्टर त्याच्या हातात फोर्कलिफ्टची चावी देतो. पोरालाही बरं वाटतं, हमालीपेक्षा गाडीचं काम चांगलं. पण या दोन यंत्रांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला फरक वजनाचा. अडीच टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट दिसायला लहान असते, पण रिकामी असतानाच तिचं वजन साधारण चार टन भरतं. पुढं माल उचलल्यावर ती तोंडावर पडू नये म्हणून तिच्या मागच्या बाजूला भरीव लोखंडाचं ओझं बसवलेलं असतं. तिचं चाक पायावरून गेलं तर बोटं वाचणं अवघड.

दुसरा फरक वळण्याचा. ट्रॅक्टरची पुढची चाकं वळतात, फोर्कलिफ्टची मागची. ड्रायव्हरनं डावीकडं वळवली की तिचा मागचा भाग झपकन उजवीकडं फिरतो. शेजारी उभ्या माणसाला वाटतं की गाडी आपल्यापासून लांब चालली, आणि तेवढ्यात मागचं लोखंड त्याला भिंतीवर दाबतं. म्हणून चालू फोर्कलिफ्टच्या बाजूला आणि मागं कधीच उभं राहायचं नाही.

तिसरा फरक दिसण्याचा. पुढं माल उंच रचलेला असला की ड्रायव्हरला समोरचं काही दिसत नाही. नियम असा आहे की माल नजरेच्या आड येत असेल तर गाडी उलटी, मागं बघत चालवायची. उताराला मात्र वेगळं: भरलेली फोर्कलिफ्ट चढताना असो की उतरताना, माल नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचा. माल खालच्या बाजूला आला तर तो काट्यांवरून घसरतो किंवा गाडीच पुढं कलंडते.

चौथा फरक उलटण्याचा. माल उंच धरून वळण घेतलं की फोर्कलिफ्ट कलते. अशा वेळी माणूस उडी मारतो, आणि तिथंच घात होतो. गाडी ज्या बाजूला पडते त्याच बाजूला बहुतेक वेळा उडी जाते आणि वरचा लोखंडी सांगाडा अंगावर येतो. पट्टा बांधलेला असावा, गाडी कलली तर सीटवरच बसून स्टिअरिंग घट्ट धरावं, पाय रोवावेत आणि पडण्याच्या उलट्या बाजूला झुकावं. गाडी चालवताना काटे जमिनीपासून वीतभरच वर असावेत. काट्यांवर माणूस उभा करून वर चढवणं म्हणजे फास हातानं गळ्यात घालणं.

आता बॅटरीवरच्या फोर्कलिफ्ट आल्या आहेत. धूर नाही हे चांगलं, पण आवाजही नाही. पंखे आणि टेप कापायचा आवाज चालू असलेल्या गाळ्यात ही गाडी मागून आलेली कळतही नाही.

‘येऊ दे, येऊ दे’

आपल्याकडं गोदामात आणि बाजार समितीत फोर्कलिफ्टपेक्षा ट्रक, आयशर, छोटा हत्ती आणि ट्रॅक्टर-ट्रॉली जास्त. तिथं सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे गाडी मागं घेणं. दृश्य ठरलेलं असतं. क्लीनर गाडीच्या बरोबर मागं उभा, एक हात फाळक्यावर, तोंडानं “येऊ दे, येऊ दे.” त्याच्या मागं ओटा. इंजिनच्या आवाजात ड्रायव्हरला त्याचा शब्द ऐकू येत नाही आणि आरशात तो दिसत नाही. पाय घसरला की संपलं.

ट्रकच्या थेट मागची जागा ड्रायव्हरसाठी आंधळी असते. आरसा बाजू दाखवतो, पाठ दाखवत नाही. त्या आंधळ्या जागेत आपल्याकडं कोण कोण असतं ते आठवा. सांडलेलं धान्य गोळा करायला खाली बसलेल्या बायका. पोत्याला परखी लावणारा माणूस. मापाडी. आणि दुपारी ट्रकच्या सावलीत, चाकाला डोकं टेकून झोपलेले हमाल. यातला एकही आरशात दिसत नाही.

यावर उपाय फुकटचे आहेत. गाडी मागं घेताना इशारा एकाच माणसानं द्यायचा, चौघांनी नाही. त्यानं गाडीच्या मागं उभं न राहता ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात आपलं तोंड दिसेल असं लांब उभं राहायचं. इशारा हातानं करायचा. ड्रायव्हरनं एक गोष्ट पक्की धरायची: इशारा देणारा आरशातून दिसेनासा झाला की गाडी जागेवर थांबवायची, मग पुढं बोलणं. आणि उभी गाडी चालू करायच्या आधी खाली उतरून एक फेरी मारायची, चाकाखाली बघायचं. दोन मिनिटं लागतात.

दुसरा घोटाळा माल भरताना होतो. अर्धा माल आत गेलेला असतो, ड्रायव्हरला वाटतं झालं, तो गाडी पुढं घेतो. त्याच वेळी माल घेऊन आत शिरणारा माणूस किंवा फोर्कलिफ्ट मधल्या फटीत पडते. कधी कधी हँडब्रेक नीट नसतो आणि माल चढवताना बसणाऱ्या हिसक्यांनी ट्रक इंचा-इंचानं पुढं सरकतो. म्हणून चांगल्या गोदामांत एक पद्धत असते: गाडी लागली की चाकाला ठोकळा लावायचा आणि चावी काढून गोदामवाल्याकडं खुंटीला टांगायची. माल पूर्ण झाल्यावरच चावी परत. आपल्या तालुक्याच्या गोदामातही एक खिळा आणि दोन लाकडी ठोकळे एवढंच लागतं. ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडून ठेवतानाही दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावल्याशिवाय जवळ जाऊ नये.

थप्पी आज हलते, उद्या पडते

गाडीचा धक्का माणसाला न लागता थप्पीला लागला तर लोक हसून सोडून देतात. पण खालच्या थरातलं एक पोतं फुटलं किंवा सरकलं की वरची थप्पी आतून कलते. ती त्याच क्षणी पडेल असं नाही. रात्री पडेल, किंवा दुसऱ्या दिवशी पोतं काढायला माणूस वर चढेल तेव्हा पडेल.

लोखंडी रॅकचं आणखी वाईट. रॅकच्या उभ्या खांबाला फोर्कलिफ्टचा काटा लागून खांब वाकला, तर त्याची वजन पेलायची ताकद झपाट्यानं कमी होते. एक खांब बसला की शेजारचे रॅक पत्त्यांच्या बंगल्यासारखे ओढले जातात. म्हणून वाकलेला खांब दिसला की त्यावरचा माल उतरवायचा, खाली दोर बांधायचा आणि दुरुस्ती होईपर्यंत तिकडं कुणाला जाऊ द्यायचं नाही. आपटलं हे सांगणाऱ्या ड्रायव्हरचा पगार कापला, तर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही, हे मालकानंही लक्षात ठेवावं.

मग चूक कुणाची?

विहिरीजवळ पोरानं जपून चालावं असं आपण सांगतो, पण म्हणून कठडा बांधायचं सोडत नाही. मळणी यंत्राच्या पट्ट्याला जाळी लावतो, कारण माणसाचं लक्ष कधीतरी चुकणार हे आपल्याला ठाऊक असतं. गोदामात मात्र आपण उलटं करतो. गाडी आणि माणूस एकाच दारानं, एकाच वाटेनं सोडतो आणि वर म्हणतो, लक्ष ठेव.

माल वाहणारा माणूस एका पाळीत दोनशे वेळा गाडीची वाट ओलांडत असेल, तर दोनशे वेळा त्याचं लक्ष शाबूत राहायला पाहिजे. बारा तासांची पाळी, डोक्यावर पोतं, डोळ्यात घाम, गाळ्यात एक बल्ब, आणि “अजून तीन गाड्या उभ्यात, उरका लवकर” अशी घाई. ड्रायव्हरलाही खेपेवर पैसे. या सगळ्यात लक्ष चुकणं ही गोष्ट ठरलेलीच आहे. प्रश्न एवढाच की ते चुकलं तेव्हा गाडी आणि माणूस यांच्यामधी काही आडवं होतं का?

म्हणून या सगळ्या उपायांचं मूळ एकच: माणसाची वाट वेगळी, गाडीची वाट वेगळी. मोठ्या गोदामात चालायची वाट पिवळ्या पट्ट्यानं आखतात, तिला लोखंडी कठडा लावतात, माणसांसाठी वेगळं लहान दार ठेवतात, कोपऱ्यावर बाहेरगोल आरसा बसवतात. बाजार समितीच्या आवारात किंवा सोसायटीच्या गोदामात एवढं जमणार नाही असं म्हणतात. पण रिकामे ड्रम आणि एक दोर लावून चालायची वाट वेगळी करता येते. वेळही वेगळी करता येते: झाडलोट आणि धान्य गोळा करणाऱ्या बायकांचं काम आटपेपर्यंत त्या ओट्यावर गाडी लावायची नाही. रिव्हर्सचा भोंगा, मागचे दिवे आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट यांचा खर्च एका दवाखान्याच्या बिलापुढं काहीच नाही.

पहिल्या दिवशी हे बघा

गोदामात कामाला लागणाऱ्या पोरांनी, आणि त्यांच्या घरच्यांनीही, पहिल्याच आठवड्यात एवढं करावं.

नेमणूक पत्र मागा. व्यवसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती याबाबतची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात कामगाराला नेमणूक पत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. पत्र मिळालं नाही तर गेटपास, ओळखपत्र, हजेरीचा फोटो, खात्यावर पगार आल्याचा मेसेज जपून ठेवा आणि घरच्यांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. आपण नेमके कुणाच्या गोदामात आणि कुणाच्या ठेक्यात आहोत, ही दोन्ही नावं घरी माहीत पाहिजेत. बऱ्याच घरांत फक्त “भिवंडीला गोदामात आहे” एवढंच माहीत असतं. भिवंडीत माणकोली, दापोडा, काल्हेर, पूर्णा अशा कितीतरी गावांत गोदामांच्या रांगा आहेत. ऐन वेळी शोधणार कुठं?

पगारातून ईएसआयसीची कपात होते का ते बघा आणि विमा क्रमांक लिहून ठेवा. फोर्कलिफ्ट शिकवल्याशिवाय हातात घेऊ नका. “बघून बघून येतं” यावर विश्वास ठेवू नका. चालताना कानात मोबाइलची वायर नको. फोर्कलिफ्टसमोरून जायचं तर आधी ड्रायव्हरशी नजर मिळवा, त्यानं हात केला की मगच पाय टाका. गाडी आणि भिंत यांच्या मधून वाट कितीही जवळची असली तरी जाऊ नका.

अपघात झालाच तर पहिला तास

आधी यंत्र बंद करा आणि चावी काढा. १०८ वर फोन करा, पोलिसांसाठी ११२. पाठीला किंवा मानेला मार असेल तर माणसाला ओढू नका, उचलून रिक्षात कोंबू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. पाणी, चहा पाजू नका, ऑपरेशन करायची वेळ येऊ शकते. पोट किंवा छाती दाबली गेलेला माणूस पहिल्यांदा बोलतो, उठून बसतोही. आत रक्तस्राव होत असला तरी वरून दिसत नाही. “बरा आहे” म्हणून खोलीवर झोपवू नका, दवाखान्यात न्याच.

दवाखान्यात खरं कारण सांगा. बरोबर आलेला सुपरवायझर “जिन्यावरून पडला” असं लिहायला लावतो, आणि तोच कागद पुढं अंगावर येतो. गोदामात काम करताना, अमुक गाडीच्या धडकेनं, अमुक वाजता, असं केसपेपरवर आलं पाहिजे. एमएलसी नोंद करायला सांगा. इकडं सोबत्यांनी गाडी हलवायच्या आणि फरशी धुवायच्या आधी जागेचे, गाडीच्या नंबरचे फोटो काढावेत. बघणाऱ्या दोघा-तिघांची नावं आणि नंबर घ्यावेत. मालकाला आणि ठेकेदाराला अपघाताची माहिती लेखी द्या, व्हॉट्सॲपवरही पाठवा. मृत्यू झाला किंवा कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर अशा अपघाताची माहिती सरकारी अधिकाऱ्याला कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे.

माझ्या ओळखीच्या एका घरात असं झालं. पोराच्या पावलावरून फोर्कलिफ्ट गेली. ठेकेदारानं दवाखान्याचं बिल भरलं आणि “माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, माझी तक्रार नाही” अशा कागदावर सही घेतली. घरच्यांना वाटलं, माणूस चांगला, बिल तरी भरलं. पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला ईएसआयसीची कपात होती, हे त्यांना फार उशिरा समजलं. कोऱ्या कागदावर, स्टॅम्पवर किंवा न वाचता कशावरही सही करू नका. दवाखान्यातल्या खाटेवर तर नाहीच.

चूक कुणाचीही असो, भरपाई मिळते

कामावर असताना आणि कामामुळं इजा झाली की भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामगाराचं लक्ष चुकलं म्हणून हक्क जात नाही. दारू पिऊन काम करणं, सुरक्षेसाठी दिलेला नियम किंवा साधन मुद्दाम झुगारणं, अशा ठरावीक कारणांवरच मालक नकार देऊ शकतो. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ही कारणंही चालत नाहीत.

ईएसआयसी असेल तर: दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्का कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामावरच्या अपघातासाठी अमुक दिवस भरलेच पाहिजेत अशी अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क असतो. उपचार मोफत, बरा होईपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम. कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या टक्केवारीप्रमाणं दरमहा, आणि मृत्यू झाला तर अवलंबून असलेल्या कुटुंबाला दरमहा पैसे मिळतात. ठेकेदारानं नाव नोंदवलं नव्हतं म्हणून हक्क आपोआप संपत नाही, ईएसआयसीच्या शाखेत जाऊन तक्रार करा.

ईएसआयसी लागू नसेल तर: १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा होता. आता तो सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावला आहे, हिशेबाची पद्धत तीच. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग गुणिले वयाप्रमाणं ठरलेला आकडा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराचे ६० टक्के गुणिले तोच आकडा. वय २५ असेल तर आकडा २१६.९१, तिशीत २०७.९८, चाळिशीत १८४.१७. पगार १५,००० पेक्षा जास्त असला तरी हिशेब १५,००० वरच धरण्याची मर्यादा २०२० च्या जानेवारीत ठरली.

उदाहरण घ्या. २५ वर्षांचा पोरगा, पगार १२,०००. मृत्यू झाला तर ६,००० गुणिले २१६.९१, म्हणजे १३,०१,४६० रुपये. पगार १५,००० असेल तर १६,२६,८२५ रुपये. आणि गावात मिटवामिटवी होते ती लाख-दोन लाखांत!

इथं आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. मृत्यूच्या प्रकरणात मालकानं घरच्यांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम कायद्यानं भरपाई धरली जात नाही. ती भरपाईचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडं जमा करावी लागते आणि तोच वारसांना वाटून देतो. महिन्याभरात पैसे जमा केले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि, कारण पटण्यासारखं नसेल तर, ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. “ठेकेदार पळून गेला” हे मोठ्या मालकाचं उत्तर चालत नाही. आधी त्यानं द्यायचं, मग ठेकेदाराकडून वसूल करायचं. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करा.

हमालांसाठी: अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. माथाडी मंडळात नोंद असलेल्या हमालानं टोळी क्रमांक आणि हजेरी घेऊन मंडळाकडं अर्ज करावा. नोंद नसेल तर ती करून घेणं हेच पहिलं काम.

नंबरप्लेटच्या गाडीनं धडक दिली असेल तर: मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचाही रस्ता असू शकतो. तिथं सहा महिन्यांची मुदत आहे, आणि कामगार भरपाई किंवा मोटार अपघात दावा यातला एकच रस्ता निवडावा लागतो. कुठला फायद्याचा, हे वकिलाला विचारून ठरवा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून बसू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज करायचा.

शेतकऱ्याच्या घरासाठी आणखी दोन दारं

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला एक सदस्य, वय १० ते ७५, यांना अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तरी २ लाख, एक अवयव गेला तर १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं ३० दिवसांच्या आत करायचा. दुसऱ्या सरकारी अपघात योजनेचे पैसे घेतले असतील तर अडचण येऊ शकते, म्हणून आधी तिथंच विचारून घ्या.

दुसरं दार बँकेतलं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला वर्षाला फक्त २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. पासबुक उघडून ती कपात होते का ते आजच बघा, खात्यात त्या वेळी २० रुपये नव्हते म्हणून विमा बंद पडल्याचं नंतर समजतं.

पोरगा गोदामातून फोन करतो तेव्हा आपण विचारतो, जेवलास का, पगार झाला का, सुट्टी कधी. पुढच्या फोनला आणखी एक विचारा: तुमच्या गोदामात गाड्या कुठून येतात आणि तुम्ही चालता कुठून? दोन्हीचं उत्तर एकच आलं, तर त्याला सांगा की उद्या आपल्या सोबत्यांना घेऊन सुपरवायझरकडं जा आणि चालायची वाट आखून माग.